तीन खुणा, चार पानं

‘इन्फर्मेशन प्रोसेसिंग लेटर्स’ या नियतकालिकाच्या चौथ्या खंडात, १९७५ साली, ४१ ते ४४ या पानांवर एक निबंध छापून आला. लेखक तिघे: अर्नेस्ट कॉकेन, सेमूर गुडमन आणि स्टीफन हेडेटनिमी. वृक्षाची डॉमिनेशन संख्या काढण्याची रेषीय रीत, एवढंच काय ते शीर्षक सांगतं. त्यात डौल नाही, मोठं आश्वासन नाही. तरीही अल्गोरिदमच्या अभ्यासातले जे मोजके निबंध मला पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटतात, त्यांत याची जागा फार वरची आहे. त्याचं सौंदर्य नेमकं कुठे आहे ते उलगडून दाखवावं म्हणून हे लिहितो आहे. गणिताशी फारसा संबंध नसलेल्या वाचकालाही त्याची चव घेता येईल, कारण लागणारं साहित्य म्हणजे कागद, पेन्सिल आणि नऊ बिंदू.

आधी प्रश्न समजून घेऊ. ग्राफ म्हणजे काही बिंदू आणि त्यांतल्या काही जोड्यांना सांधणाऱ्या रेघा. बिंदू म्हणजे गावं आणि रेघा म्हणजे एका गावाहून शेजारच्या गावाला थेट जाणारे रस्ते, असं समजा. काही गावांत आरोग्य केंद्र उघडायचं आहे. अट अशी की प्रत्येक गावात केंद्र तरी असावं, नाहीतर थेट रस्त्याने जोडलेल्या एखाद्या शेजारगावात तरी. कमीत कमी किती केंद्रं लागतील? हा डॉमिनेशनचा प्रश्न. त्याचं मूळ बुद्धिबळाच्या पटावर आहे. १८६२ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये द येनिश यांनी विचारलं की पटावरच्या चौसष्टही घरांवर वचक ठेवायला किती वजीर लागतील. उत्तर पाच. पुढे १९५८ मध्ये क्लोद बेर्ज यांनी ही कल्पना ग्राफच्या भाषेत मांडली आणि १९६२ मध्ये ऑइस्टीन ओरे यांनी आपल्या पुस्तकात तिला आजचं नाव दिलं.

उत्तर काढणं तत्त्वतः अवघड नाही. गावं मर्यादित आहेत, म्हणून केंद्रांच्या निवडीही मर्यादित. सगळ्या तपासून पाहाव्यात. नऊ गावांसाठी ५१२ निवडी होतात, त्या एका दुपारी हातानेही तपासता येतील. पण गावं शंभर झाली की निवडींचा आकडा एकतीस अंकी होतो आणि कुठलंही यंत्र त्याच्यापुढे हात टेकतं. रीत असणं आणि चांगली रीत असणं यांत किती अंतर आहे, हे १९६५ मध्ये जॅक एडमंड्स यांनी ‘कॅनेडियन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मधल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ठासून सांगितलं. त्या निबंधात विषयांतर म्हणून घातलेलं एक छोटं प्रकरण आहे. अमुक प्रश्नाला मर्यादित वेळात संपणारी रीत आहे, एवढ्याने समाधान मानू नका. ग्राफचा आकार वाढला की कष्ट कसे वाढतात ते बघा, असा त्याचा आग्रह आहे. कार्यक्षम रीत आहे हे शक्य तितक्या आकर्षकपणे दाखवणं एवढाच आपला हेतू आहे, असंही एडमंड्स तिथे सांगतात. गणितज्ञाने सौंदर्याचं उद्दिष्ट इतक्या उघडपणे कबूल केलेलं क्वचित सापडतं, आणि म्हणून रसग्रहणाची परवानगी मला तिथूनच मिळाली असं मी मानतो.

आता चार पानांकडे. कॉकेन आणि त्यांचे सहकारी सगळ्या ग्राफांचा प्रश्न घेत नाहीत. ते फक्त वृक्ष घेतात. वृक्ष म्हणजे असा ग्राफ की ज्यात कुठल्याही गावाहून कुठल्याही गावाला जायला वाट आहे, पण एकच. फेरा मारून वेगळ्या रस्त्याने परत येण्याची सोय नाही. अशा ग्राफाला टोकं असतात, म्हणजे एकाच रस्त्याने जोडलेली गावं. त्यांना पानं म्हणतात.

एक उदाहरण कागदावर काढाच. एका सरळ रस्त्यावर सात गावं, क्रमांक १ ते ७. मधल्या ४ नंबरच्या गावातून एक फाटा निघतो. त्यावर आधी ८ आणि मग टोकाला ९. केंद्रं कुठे द्याल? बहुतेकांची नजर ४ वर जाते. तिथे तीन रस्ते मिळतात. तिथे केंद्र दिलं की ४, ३, ५ आणि ८ अशी चार गावं एका फटक्यात सुटतात. दुसऱ्या कुठल्याही गावात केंद्र देऊन इतकं साधत नाही. मग उरतात १, २, ६, ७ आणि ९. पहिल्या दोघांना एक, ६-७ ना एक, आणि एकट्या ९ साठी एक. एकूण चार केंद्रं. वाजवी दिसणारं हे उत्तर चुकीचं आहे. तीन केंद्रांत काम होतं, आणि त्या तिन्हींत ४ नंबरचं गजबजलेलं नाक्याचं गाव नाही.

निबंधातली रीत नाक्याकडे पाहतच नाही. ती पानापासून सुरू होते आणि प्रत्येक गावावर तीनपैकी एक खूण ठेवते. पहिली खूण ‘बांधील’: या गावाची सोय अजून व्हायची आहे. दुसरी ‘अनिवार्य’: इथे केंद्र द्यायचंच, हे ठरलं आहे. तिसरी ‘मोकळा’: या गावाची सोय शेजारी झालेली आहे, इथे केंद्र दिलं तर चालेल, दिलंच पाहिजे असं नाही. सुरुवातीला सगळी गावं बांधील. एक गाव मूळ म्हणून ठरवायचं आणि ते शेवटाला ठेवायचं. मग एकेक पान घ्यायचं, त्याची खूण वाचायची, आणि ते ज्या गावाला जोडलेलं आहे त्याच्या खुणेत गरज असेल तो बदल करून ते पान पुसून टाकायचं.

नियम तीन. पान बांधील असेल तर त्याचा शेजारी अनिवार्य होतो. पान अनिवार्य असेल तर त्याचं केंद्र मोजायचं, आणि शेजारी बांधील असल्यास तो मोकळा होतो. पान मोकळं असेल तर काही न बोलता पुसायचं. शेवटी एकटं मूळ उरलं आणि ते बांधील किंवा अनिवार्य असलं, तर तिथे एक केंद्र. संपलं.

आपल्या नऊ गावांवर हे चालवून बघा. मूळ ७ धरू. ९ हे पान बांधील आहे, म्हणून ८ अनिवार्य. ९ पुसलं. आता ८ हे पान झालं आणि ते अनिवार्य आहे; पहिलं केंद्र ८ मध्ये, आणि ४ मोकळं. दुसऱ्या बाजूने १ बांधील, म्हणून २ अनिवार्य. दुसरं केंद्र २ मध्ये, ३ मोकळं. ३ पान झालं, मोकळं आहे, पुसलं. ४ पान झालं, तेही मोकळं, पुसलं. आता ५ पान आहे आणि बांधील आहे, म्हणून ६ अनिवार्य. तिसरं केंद्र ६ मध्ये, ७ मोकळं. मूळ मोकळं उरलं, काम संपलं. केंद्रं २, ६, ८. तपासा: २ मुळे १, २, ३, ६ मुळे ५, ६, ७, ८ मुळे ४, ८, ९. नऊ गावं, आणि प्रत्येक गाव नेमकं एकदाच झाकलं गेलं. फाटा नसता, नुसती सातच गावं असती, तर हीच रीत २, ५ आणि ७ असं उत्तर देते. तीही तीनच केंद्रं. दोन गावं वाढली, केंद्रांची संख्या वाढली नाही, मात्र तीनपैकी दोन केंद्रांची जागा बदलली.

वेळ किती लागला? प्रत्येक गावाला एकदाच हात लागला. गावं दुप्पट झाली तर काम दुप्पट. शंभर गावांचं काम चहाच्या एका कपाएवढ्या वेळात हाताने करता येतं, तेही त्या एकतीस अंकी आकड्याकडे न फिरकता.

या रीतीतली पहिली सुंदर गोष्ट म्हणजे पानाचा युक्तिवाद. टोकाच्या गावाला सोय हवी आहे. ती दोनच ठिकाणांहून होऊ शकते: त्याच्या स्वतःत, किंवा त्याच्या एकुलत्या शेजाऱ्यात. टोकाच्या गावात केंद्र देऊन जे साधतं ते सगळं शेजाऱ्यात देऊन साधतंच, वर थोडं जास्त साधतं. म्हणून शेजाऱ्यात देण्यात कधीच तोटा नाही. नाक्याच्या गावाबद्दल असं काही खात्रीने म्हणता येत नाही. टोकाला पर्याय कमी असतात, म्हणून निर्णय तिथे आधी घेता येतो. या एका वाक्यावर सगळी रीत उभी आहे आणि त्या वाक्यात वजा करण्यासारखा एक शब्दही मला सापडत नाही.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. मूळ प्रश्नात सगळी गावं सारखी होती, सगळ्यांना सोय हवी होती. लेखकांनी मुद्दाम प्रश्न मोठा केला: काही गावांना सोय नको असेल आणि काही गावांत केंद्र आधीच ठरलेलं असेल, तरी उत्तर काढा. वरवर पाहता हा उलटा उद्योग वाटतो. छोटा प्रश्न सुटत नाही म्हणून मोठा का घ्यायचा? कारण पान पुसल्यावर जो वृक्ष उरतो, त्यावरचा प्रश्न मूळच्या साध्या प्रश्नासारखा राहत नाही. पुसलेल्या भागाने मागे काही मागणी किंवा काही सवलत ठेवलेली असते. ती नोंदवायला खुणा लागतात. खुणांसह प्रश्न मांडला की पान पुसल्यानंतर उरणारा प्रश्नही त्याच जातीचा निघतो, फक्त एका गावाने लहान. गणितात विगमनाने सिद्धता करणाऱ्या प्रत्येकाला हे तंत्र ठाऊक असतं, की काही वेळा जास्त सिद्ध करायला घेणंच सोपं जातं. पण ते इतक्या काटकसरीने, अवघ्या तीन खुणांत बसवलेलं पाहिलं की लेखकांच्या कानाची तारीफ करावीशी वाटते. दोन खुणांत हे होत नाही. चौथीची गरज पडत नाही. या तीनच्या आकड्याकडे मी नंतर येणार आहे.

तिसरी गोष्ट निबंधाच्या शीर्षकात नाही. शीर्षक फक्त संख्येबद्दल बोलतं. पण रीत चालताना एक साक्षही मागे ठेवते, आणि मला ती सर्वांत जास्त आवडते. आपल्या उदाहरणात केंद्रांची मागणी कुणी केली? ९ ने ८ ची, १ ने २ ची, आणि ५ ने ६ ची. या तीन गावांकडे बघा: १, ५ आणि ९. यांतल्या कुठल्याही दोघांत किमान तीन रस्त्यांचं अंतर आहे. म्हणजे कुठलंही एक केंद्र या तिघांपैकी दोघांची सोय करूच शकत नाही. म्हणून तीनपेक्षा कमी केंद्रांत काम होणं अशक्य. संशयी माणसाला ५१२ निवडी दाखवायची गरज नाही; ही तीन गावं दाखवा, वाद मिटला.

हे प्रत्येक वृक्षात घडतं, आणि का घडतं ते पाहणं कठीण नाही. मागणी करणारी दोन गावं जवळ कशी असू शकतील? ती एकाच गावाची मुलं असतील तर पहिल्याच्या मागणीने ते गाव अनिवार्य झालं. दुसऱ्याने नवी मागणी केलीच नाही. एक दुसऱ्याचं थेट शेजारी असेल तर वरचं गाव खालच्याच्या मागणीने अनिवार्य झालं, म्हणजे ते बांधील उरलं नाही आणि मागणी करू शकत नाही. एक आजोबा आणि एक नातू असतील तर मधल्या गावात केंद्र आलं, आणि त्याने आजोबांना बांधील राहू दिलं नाही. चौथी शक्यता नाही. जेवढी केंद्रं, तेवढे एकमेकांपासून दूर असलेले साक्षीदार. कमीत कमी केंद्रांची संख्या आणि जास्तीत जास्त साक्षीदारांची संख्या वृक्षात नेहमी सारखी असते. हे प्रमेय ए. मेयर आणि जे. डब्ल्यू. मून यांनी ‘पॅसिफिक जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये सिद्ध केलं, तेही त्याच १९७५ सालात. त्यांचं विधान याहून व्यापक आहे. पण मला त्याची सर्वांत जिवंत सिद्धता या तीन खुणांच्या हालचालीत दिसते, कारण तिथे साक्षीदार कुठून येतात हे डोळ्यांसमोर घडतं.

इथे जुळणीच्या प्रश्नाची आठवण होणं अपरिहार्य आहे. शाळेच्या प्रश्नपत्रिकेतल्या ‘जोड्या लावा’सारखाच तो आहे: ग्राफातल्या रेघा अशा निवडा की कुठल्याही बिंदूवर दोन निवडलेल्या रेघा येऊ नयेत, आणि जोड्या जास्तीत जास्त व्हाव्यात. वृक्षावर तोही पानापासून सुटतो. पानाची त्याच्या शेजाऱ्याशी जोडी लावा, दोघांना पुसा, पुढचं पान घ्या. आपल्या नऊ गावांत ९-८, १-२, ३-४, ५-६ अशा चार जोड्या लागतात आणि ७ एकटं उरतं. इथेही साक्ष आपोआप मिळते. प्रत्येक जोडीतलं मुळाकडचं गाव घ्या: ८, २, ४, ६. आठही रस्त्यांपैकी प्रत्येकाचं किमान एक टोक या चार गावांत आहे. कुठल्याही जुळणीतली प्रत्येक जोडी म्हणजे एक रस्ता, तिने या चारपैकी एका गावाला स्पर्श केलाच पाहिजे, आणि दोन जोड्यांना एक गाव वाटून घेता येत नाही. म्हणून पाच जोड्या अशक्य. बुडापेस्टमध्ये डेनेश कोनिग यांनी १९३१ मध्ये हेच साम्य फार मोठ्या वर्गासाठी सिद्ध केलं होतं. बिंदूंचे दोन गट पडतात आणि सगळ्या रेघा एका गटातून दुसऱ्या गटात जातात, असे ते द्विभागी ग्राफ. सगळे वृक्ष त्यात येतात.

दोन्ही प्रश्न वृक्षावर जुळ्या भावांसारखे वागतात. वृक्षाबाहेर पाऊल टाकलं की त्यांचे रस्ते वेगळे होतात, आणि ते कुठे वेगळे होतात हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत रसाळ ठिकाण वाटतं.

जुळणीचं बिनसतं त्रिकोणात. तीन बिंदू, तीन रेघा. जोडी एकच लागते, पण तिन्ही रेघांना स्पर्श करायला दोन बिंदू लागतात. जोड्यांची संख्या एक, साक्षीदारांची दोन. साक्ष बसत नाही. कोनिगच्या वर्गात त्रिकोण नव्हता, पंचकोन नव्हता, विषम लांबीचं कुठलंच चक्र नव्हतं, म्हणून तिथे सगळं जमलं. एडमंड्स यांनी १९६५ च्या त्या निबंधात विषम चक्राला सरळ मिठी मारली. शोधाच्या वाटेत असं चक्र सापडलं की ते आकसून त्याचा एकच बिंदू करायचा आणि शोध पुढे चालू ठेवायचा. अशा चक्राला त्यांनी फुलाचं नाव दिलं. त्यामुळे जुळणीला वर्गाचं बंधनच उरलं नाही. कुठल्याही ग्राफावर ती कार्यक्षम रीतीने सुटते, आणि तिथेही नव्या रूपातली साक्ष मिळते.

डॉमिनेशनला हे भाग्य लाभलं नाही. त्याचं बिनसतं त्याहून साध्या ठिकाणी. चार बिंदूंचा चौकोन काढा. तो द्विभागी आहे, जुळणीला त्यात काहीच अडचण नाही. पण चारही बिंदू झाकायला दोन केंद्रं लागतात, आणि तीन रस्त्यांच्या अंतरावर असे दोन बिंदूच त्यात नाहीत. साक्षीदार एकच. हे केवळ साक्षीपुरतं राहत नाही. १९८४ मध्ये त्याच ‘इन्फर्मेशन प्रोसेसिंग लेटर्स’मध्ये ए. ए. बर्टोसी यांनी दाखवलं की द्विभागी ग्राफांवरही डॉमिनेशन एनपी-पूर्ण आहे. म्हणजे कार्यक्षम रीत सापडली तर एनपी वर्गातले, म्हणजे ज्यांचं उत्तर हाती आल्यावर ते झटपट तपासता येतं असे, सगळे कठीण प्रश्न त्याबरोबर सुटतील; तशी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. कोनिगला ज्या वर्गाने भरभरून दिलं, त्याने डॉमिनेशनला रिकाम्या हाताने परत पाठवलं.

मग चौकोन वगळून पाहू. चार किंवा अधिक बिंदूंच्या प्रत्येक चक्राला मधून छेदणारी एखादी जीवा असलीच पाहिजे, अशी अट घाला. हे कॉर्डल ग्राफ. यांत त्रिकोण चालतो, उघडा चौकोन चालत नाही. तरीही भागत नाही. केलॉग बूथ आणि जे. एच. जॉन्सन यांनी १९८२ मध्ये दाखवलं की इथेही प्रश्न तितकाच कठीण आहे. कारण पुढच्या चित्रात दिसतं. एक त्रिकोण काढा. त्याच्या प्रत्येक बाजूच्या बाहेर एक नवा बिंदू ठेवा आणि तो त्या बाजूच्या दोन्ही टोकांना जोडा. सहा बिंदूंच्या या आकृतीला सन म्हणतात, कारण ती किरण फुटलेल्या सूर्यासारखी दिसते. आतला कुठलाही बिंदू घेतला तरी समोरचा एक किरण उरतोच, म्हणून केंद्रं दोन लागतात. पण कुठलेही दोन बिंदू फार तर दोन रस्त्यांच्या अंतरावर आहेत, म्हणून साक्षीदार पुन्हा एकच. जुळणीसाठी जे काम त्रिकोण करतो, ते डॉमिनेशनसाठी कॉर्डल ग्राफांत सन करतो.

मार्टिन फार्बर यांनी हे लहानमोठे सगळे सन वगळले. त्यांच्याशिवाय उरलेल्या कॉर्डल ग्राफांना स्ट्राँगली कॉर्डल म्हणतात. १९८४ च्या निबंधात त्यांनी सिद्ध केलं की या वर्गात केंद्रांची आणि साक्षीदारांची संख्या पुन्हा सारखी होते, आणि गावागणिक केंद्राचा खर्च वेगवेगळा असला तरी कार्यक्षम रीत मिळते. त्या रीतीच्या मुळाशी बिंदूंचा एक विशिष्ट क्रम आहे. वृक्षात पानं एकेक करून गळत जातात. या क्रमात प्रत्येक पुढचा बिंदू उरलेल्या ग्राफात पानासारखाच वागतो, म्हणजे त्याच्या शेजाऱ्यांत कोण जास्त पोचतो याची एक रांग लावता येते. रांगेतला शेवटचा निवडण्यात तोटा नाही. कॉकेन आणि सहकाऱ्यांचा पानाचा युक्तिवाद इथे नव्या रूपात परत येतो.

याच वर्गात इंटरव्हल ग्राफ येतात. बिंदू म्हणजे वेळेचे पट्टे, आणि दोन पट्टे एकमेकांवर आले तर त्यांच्यात रेघ. १९५९ मध्ये सीमोर बेंझर यांनी टी-४ विषाणूच्या जनुकाची अंतर्गत रचना सरळ रेषेसारखी आहे का, हे अशाच पट्ट्यांच्या भाषेत तपासलं होतं. डॉमिनेशन इथे जवळजवळ एका वाक्यात सुटतं. अजून न झाकलेल्या पट्ट्यांपैकी जो सर्वांत आधी संपतो तो घ्या, त्याला स्पर्श करणाऱ्यांत जो सर्वांत उशिरापर्यंत चालतो तो निवडा, आणि पुढे चला. आधी संपणारे ते पट्टेच साक्षीदार ठरतात, कारण दोघांना शिवणारा पट्टा असता तर तो निवडलेल्याहून लांब गेला असता. मद्रासच्या आयआयटीतले जी. रामलिंगम आणि सी. पांडू रंगन यांनी १९८८ मध्ये इंटरव्हल ग्राफांवरच्या डॉमिनेशनच्या अनेक प्रकारांना एका चौकटीत बसवलं. तो निबंधही ‘इन्फर्मेशन प्रोसेसिंग लेटर्स’मध्येच आला.

काही जण म्हणतात की मर्यादित वर्गावर काम करणं म्हणजे कठीण प्रश्न टाळणं. मला हे मान्य नाही. वर्ग मर्यादित केल्याशिवाय हे कळलंच नसतं की कठीणपणा नेमका कुठे राहतो. त्रिकोण, चौकोन आणि सन या तीन आकृत्या कागदावर शेजारी शेजारी काढल्या की दोन प्रश्नांच्या स्वभावातला फरक जसा समजतो, तसा सर्वसाधारण ग्राफाकडे पाहून कधीच समजला नसता.

आता त्या तीनच्या आकड्याकडे. वृक्ष नसलेले पण वृक्षाच्या जवळ जाणारे ग्राफ मोजायला ट्रीविड्थ नावाचं माप आहे. ते लहान असेल तर ग्राफाचे तुकडे वृक्षासारखे मांडता येतात आणि पानापासून मुळाकडे येण्याची जुनी रीत पुन्हा चालवता येते. फक्त या वेळी एकाच गावाऐवजी काही गावांच्या गटाच्या खुणा एकत्र सांभाळाव्या लागतात. प्रत्येक गावाला त्याच तीन अवस्था: केंद्र आहे, सोय झाली, सोय व्हायची आहे. गट दहा गावांचा असेल तर तीनचा दहावा घात, म्हणजे ५९,०४९ नोंदी. २००९ मध्ये योहान व्हान रोइय, हान्स बोडलेंडर आणि पीटर रॉसमानिथ यांनी नोंदींच्या संख्येच्या जवळपास राहूनच सगळी गणितं उरकण्याची रीत दिली. नंतर २०११ मध्ये डॅनिएल लोकश्तानोव्ह, डॅनिएल मार्क्स आणि चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतले साकेत सौरभ यांनी दाखवलं की एक प्रचलित गृहीतक खरं मानलं तर त्या तीनच्या जागी त्याहून लहान संख्या आणता येणारच नाही. १९७५ मध्ये तिघांनी जी काटकसर केली होती, ती प्रश्नाच्या अंगातलीच निघाली. खुणा तीन निवडल्या गेल्या नव्हत्या. त्या तीनच असणार होत्या. चार पानी निबंधाला याहून मोठी दाद कुठली?

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत संगणकशास्त्र आणि गणित शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. डॉमिनेशन एनपी-पूर्ण आहे हे विद्यार्थ्यांना सांगण्याआधी एक तास या रीतीला द्या. फळ्यावर नऊ गावांचा तो वृक्ष काढा, आधी त्यांना नाक्याच्या गावापासून सुरुवात करू द्या, चार केंद्रं येऊ द्या. मग पानापासून सुरू करून तीन आणा, आणि १, ५, ९ ही गावं त्यांनाच शोधायला सांगा. शेवटी ३ आणि ९ यांच्यात एक रेघ ओढा आणि विचारा की आता पान कुठलं. जेमतेम एकदोन पानं उरतील, आणि पानं एकामागोमाग पुसत गेलं की समोर ३, ४, ८, ९ हा चौकोन उभा राहील. त्यावर तीन खुणांची ही रीत अडते. का अडते, हे विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलं की तो तास संपवायला हरकत नाही.